सही करण्याआधी आपला माणूस शोधा

दसरा जवळ आला आहे. आता शहरोशहरी घरांची प्रदर्शनं लागतील, नाक्यानाक्यावर फलक झळकतील आणि तुमच्यापैकी पुष्कळ जण नव्या घराचं बुकिंग करायला बाहेर पडतील. जरूर पडा. स्वतःच्या घराइतका आनंद क्वचितच कशाचा होतो आणि त्या आनंदावर विरजण घालण्यासाठी मी लिहीत नाही. विनंती एवढीच आहे की टोकन देण्याआधी, कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी जरा थांबा. समोर बसून तुम्हाला सल्ला देणारा माणूस कोणाचा आहे, ते आधी विचारा.

प्रदर्शनाच्या मांडवात तुम्हाला कोण कोण भेटेल ते बघा. बिल्डरचा विक्री प्रतिनिधी असेल. त्याच्या शेजारच्या टेबलावर लोन एजंट, म्हणजे डीएसए असेल. पलीकडे बँकेचे किंवा गृहवित्त कंपनीचे अधिकारी असतील. सगळे आदरानं बोलतील, चहा विचारतील, मुलांना फुगे देतील. यातली बहुतेक माणसं मनानं वाईट नसतात, आपलं काम करत असतात. पण त्यांचं काम काय आहे, ते समजून घ्या. फ्लॅट विकला गेला की प्रतिनिधीला इन्सेंटिव्ह मिळतो. कर्ज मंजूर होऊन उचललं गेलं की एजंटला बँकेकडून त्या रकमेवर टक्केवारी मिळते. तुमचं कर्ज जितकं मोठं, तितकी त्याची कमाई मोठी. अधिकाऱ्यांच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं. कर्ज कमी घेण्यात ज्याचा फायदा आहे असा त्या टेबलाभोवती एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे तुम्ही. तुमच्या बाजूनं हिशेब मांडणारं तिथे कोणी बसलेलं नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. महाराष्ट्रात फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटला महारेराकडे नोंदणी करावी लागते. २०२३पासून तर त्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. पण तुम्ही किती कर्ज घ्यावं, कोणाकडून घ्यावं, किती वर्षांचं घ्यावं, हे सांगणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे असा वेगळा परवानाच नाही. कार्डावर 'गृहकर्ज सल्लागार' छापायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून ही पारख तुम्हालाच करावी लागणार आहे. करा, आणि घाई न करता करा.

सल्ला चुकला तर काय होतं, ते आकड्यांत बघा. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता सुमारे ४३,३९१ रुपये. हेच कर्ज नऊ टक्क्यांनी गळ्यात पडलं तर हप्ता १,५९५ रुपयांनी वाढतो. तेवढ्यानं काय बिघडतं, असं वाटेल. २० वर्षांत ते पावणेचार लाखांच्या वर जातात. आता एजंट म्हणतो, "साहेब, ३० वर्षं करू, हप्ता हलका होईल." होतो खरा, ३८,४४६वर येतो. पण एकूण व्याज सुमारे ५४ लाखांवरून ८८ लाखांवर जातं. पाच हजारांच्या सवलतीसाठी ३४ लाख जादा! कुणाच्या मिळकतीला ३० वर्षंच झेपणारी असतील, तर तोही रास्त निर्णय ठरू शकतो. मात्र दोन्ही आकडे समोर ठेवूनच तो घ्यायला हवा, आणि एजंट सहसा एकच आकडा सांगतो.

म्हणून दोन्ही आकडे मागा. हप्ता विचारू नका, एकूण परतफेड विचारा. कागदावर लिहून मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४पासून प्रत्येक नव्या गृहकर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. व्याज आणि सगळे आकार धरून कर्ज खरोखर वर्षाला किती टक्क्यांना पडतं, हप्त्यांचं वेळापत्रक कसं आहे, हे त्यात असतं. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं. मराठीत मागा. त्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, आणि त्यात न लिहिलेला कोणताही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. "आज सही केली तरच हा दर," असं कुणी म्हणालं तर हे तीन दिवस आठवा. उठा आणि कागद घेऊन घरी जा.

घरी कुणाला दाखवायचा तो कागद? सगळं त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.

मुलीसाठी स्थळ बघताना आपण मुलाच्या गावापर्यंत माणूस पाठवून चौकशी करतो. तेवढीच चौकशी कर्जाचा सल्ला देणाऱ्याची करा. पहिला प्रश्न सरळ विचारा, "या कामाचे पैसे तुम्हाला कोण देतं?" जो बँकेकडून कमिशन घेतो, त्यानं ते मोकळेपणानं सांगितलं तर तो निदान प्रामाणिक आहे. त्याच्याकडून कागदपत्रांची धावपळ जरूर करून घ्या. निर्णय मात्र त्याच्यावर सोडू नका. जो म्हणतो, "मी काहीच घेत नाही, सगळं फुकट," त्याच्यापासून जपा. या धंद्यात कोणीतरी पैसे देतंच, आणि शेवटी ते तुमच्याच कर्जातून निघतात. आपला माणूस तोच, जो फी तुमच्याकडून घेतो, किती ते आधी सांगतो, पावती देतो आणि बँकेकडून एक रुपयाही घेत नाही, हे लिहून द्यायला कचरत नाही.

अशी माणसं आहेत. तुमचं विवरणपत्र भरणारे सीए असतील, तर त्यांना तुमची खरी मिळकत ठाऊक असते. त्यांच्याकडे तासाभराची वेळ मागा. सेबीकडे नोंदणी केलेले, फक्त फी घेऊन काम करणारे गुंतवणूक सल्लागार आहेत. त्यांची नोंदणी गुंतवणुकीच्या सल्ल्यासाठी असते, पण घरखर्च, बचत, विमा आणि कर्ज एकत्र मांडून बघायची त्यांना सवय असते. नोंदणी क्रमांक विचारा आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळा. तुमच्या सोसायटीत, नात्यात, भजनी मंडळात कर्ज विभागातून निवृत्त झालेलं कुणीतरी नक्की असेल. त्यांचं दार वाजवा. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना विचारा.

चांगला सल्लागार ओळखायची आणखी एक खूण सांगते. तो कर्जाची रक्कम पहिल्यांदा विचारत नाही. घरात कमावती माणसं किती, आईवडिलांची औषधं किती रुपयांची, मुलगी बारावीला कधी जाणार, गावाकडच्या घराचं काही देणं आहे का, नोकरी कायम आहे का कंत्राटी, हे तो आधी विचारतो. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत का, हेही विचारतो. "तुम्हाला ७० लाख मिळू शकतात," हे ऐकून आपण हुरळतो. तो थंडपणे सांगतो, "मिळतील ७०, झेपतील ४५." हे ऐकायला आवडत नाही. ऐका.

आणि वाईट सल्लागाराच्या खुणाही ओळखा. कोऱ्या अर्जावर सही मागणारा. "उत्पन्न थोडं वाढवून दाखवू" म्हणणारा. उद्या खोट्या कागदांची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, तुमच्यावर येते. ओटीपी मागणारा. तुम्हाला न विचारता पाच बँकांत फाईल टाकणारा. प्रत्येक बँक तुमचा सिबिल अहवाल काढते आणि थोड्या दिवसांत अशा चौकश्या साचल्या की तुमचाच स्कोअर घसरतो. तो अहवाल तुम्ही स्वतः वर्षातून एकदा फुकट मागवू शकता. आधी मागवा. त्यात चूक असेल तर अर्जाआधी दुरुस्त करून घ्या.

आता सहीचा तो दिवस डोळ्यांसमोर आणा. बँकेच्या टेबलावर बोटभर जाडीचा गठ्ठा. प्रत्येक पानावर पेन्सिलीनं केलेली फुली. "जिथे फुली आहे तिथे करत चला," असं म्हणत कुणीतरी पानं उलटत जातं. तुमच्या शेजारी बायको किंवा नवरा, पलीकडे रजा काढून आलेला भाऊ. पाऊण तास नुसत्या सह्या. त्या गठ्ठ्याच्या मधोमध विम्याचा अर्ज असतो. एकरकमी हप्त्याची पॉलिसी, समजा दोन लाखांची, आणि ती रक्कम कर्जातच मिळवलेली. म्हणजे त्या दोन लाखांवरही २० वर्षं व्याज. साडेआठ टक्क्यांनी त्यांची एकूण परतफेड चार लाखांच्या वर जाते. "हे घेतल्याशिवाय कर्ज पास होत नाही," असं हळूच सांगितलं जातं. बँकेला तिच्याकडूनच विमा घ्यायची सक्ती करता येत नाही. विमा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कर्ता माणूस गेला तर हप्ता मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर पडतो. पण कर्जाइतक्या रकमेची साधी टर्म पॉलिसी स्वतंत्रपणे बघा, दोन्हींचे भाव ताडून बघा आणि मगच ठरवा. सहीच्या आदल्या दिवशी गठ्ठ्याच्या प्रती मागा. तुमच्या माणसाला वाचायला द्या. फुलीवर सही करू नका, वाचलेल्या ओळीखाली सही करा.

जामीनदाराला बोलावलं असेल तर त्याला घरी बसवून सांगा. १८७२च्या करार कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे कर्जदाराइतकीच असते. मेहुण्याच्या किंवा मित्राच्या भिडेखातर दिलेली सही उद्या जामीनदाराच्याच मुलाच्या शिक्षणाच्या कर्जात आडवी येऊ शकते. नात्यांत कायमचे दुरावे येतात ते अशा न वाचलेल्या सह्यांनी.

पैशांचा सल्ला एकीकडे, जागेच्या कागदांचा दुसरीकडे. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण बहुतेक जण म्हणतात, "बँकेनं कर्ज दिलं म्हणजे कागद स्वच्छच असणार." कृपा करून असं धरून चालू नका. डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारती आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली, लोकांनी घरं घेतली, कित्येकांनी कर्जं काढली. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या बेकायदा इमारती पाडायचे आदेश दिले. त्या घरांत शाळेत जाणारी मुलं होती, नुकती लग्नं झालेली जोडपी होती, निवृत्तीची पुंजी घातलेले आजोबा होते. घर हातचं जाण्याची वेळ आली, तरी हप्ता काही थांबत नाही.

बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी बघतो. त्याची फी बहुधा तुमच्याच खिशातून गेलेली असते, पण त्याचा अहवाल बँकेच्या सोयीसाठी असतो. तुमच्यासाठी बघणारा वकील वेगळा नेमा. त्याला ३० वर्षांचा टायटल सर्च करायला सांगा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, जुन्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीचं ना हरकत पत्र, हे त्याच्या नजरेखालून जाऊ द्या. नियोजन प्राधिकरणाकडे जाऊन परवानगीचा क्रमांक खरा आहे का, ते विचारायला लावा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्यातलं कलम त्याला नम्रपणे दाखवा. वकिलाचे काही हजार रुपये वाचवायचा मोह होतो. टाइल्स बदलायला याहून जास्त जातात, आणि तिथे आपण मागेपुढे बघत नाही.

खर्चाचाही खरा हिशेब मांडून घ्या. पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट घेताय असं धरा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ तुमचे. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे चार लाख २० हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी, आणखी तीन लाख. साडेएकोणीस लाख झाले, अजून पडदे आणि पंखे आलेले नाहीत. ऐन वेळी कमी पडतं आणि तोच एजंट म्हणतो, "पर्सनल लोन करून देतो, टेन्शन घेऊ नका." त्या दुसऱ्या कर्जाच्या हप्त्यानं संसार मोडीत निघतात. तुमच्या माणसाला हा हिशेब बुकिंगच्या आधी करायला सांगा. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे तो सांगेल. बांधकाम चालू असताना प्री-ईएमआयमध्ये फक्त व्याज जातं आणि मुद्दल तसंच राहतं, हेही सांगेल. "ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू" अशी बिल्डरची योजना असेल, तर कागदावर कर्ज तुमच्याच नावानं असतं, हे तो तुम्हाला दोनदा बजावेल. दिल्लीच्या परिसरात अशाच योजनांत अडकलेल्या खरेदीदारांची व्यथा ऐकून सर्वोच्च न्यायालयाला २०२५मध्ये बिल्डर आणि बँकांच्या साट्यालोट्याची सीबीआय चौकशी करायला सांगावं लागलं.

निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनो, सीए आणि वकील मंडळींनो, हे तुमच्यासाठीही आहे. तुमच्या इमारतीतला एखादा तिशीतला मुलगा या महिन्यात आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्ज घेणार आहे आणि त्याला विचारायला कोणी नाही. त्याला संकोच वाटतो. तुम्हीच हाक मारा. सोसायटीच्या कार्यालयात रविवारी सकाळी दोन तास बसा. सूचना फलकावर एक चिठ्ठी लावा. मंजुरीपत्र कसं वाचायचं, फ्लोटिंग दर म्हणजे काय, एवढं सांगितलंत तरी एखाद्या घराचे काही लाख वाचतील.

आणि ज्यांनी सही आधीच केली आहे, त्यांनी हात टेकू नका. तुमच्याही हातात बरंच आहे. विमा नको असताना गळ्यात पडला असेल, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. आज तारीख बघा. फ्लोटिंग दराच्या कर्जावर मुदतीआधी पैसे भरायला वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही. बोनस आला की मुद्दल कमी करा.

मे २०२२मध्ये चार टक्क्यांवर असलेला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहावर गेला, तेव्हा कित्येकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत गुपचूप वाढली. वर मांडलेल्या ५० लाखांच्या कर्जाचा दर नुसता एका टक्क्यानं वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांची जवळपास २६ होतात. चाळिशीत कर्ज घेतलेला माणूस साठीनंतरही हप्ते भरत राहतो. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा हक्क रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३मध्ये तुम्हाला दिला आहे. तो वापरा. तुमचं कर्ज जुन्या पद्धतीच्या दराशी जोडलेलं असेल, तर बँकेत जाऊन रेपोशी जोडायला किती आकार पडतो ते विचारा. बँका ऑक्टोबर २०१९पासून नवी फ्लोटिंग गृहकर्जं अशा बाहेरच्या दराशीच जोडतात.

हप्ते थकले असतील तर लपू नका. तीन महिने थकले की खातं बुडीत धरलं जातं, मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर घरावर ताबा. नोटीस कपाटात ठेवून ती थांबत नाही. ती हातात पडली त्याच दिवशी वकिलाकडे जा, आणि नोटीस येण्याआधीच बँकेच्या व्यवस्थापकांना भेटून हप्त्यांची फेररचना मागा. घरच्यांना सांगा. नवऱ्यानं बायकोपासून, मुलानं वडिलांपासून लपवलेली नोटीस मी पाहिली आहे, आणि तोवर उशीर झालेला होता.

बँकेनं चुकीचे पैसे कापले असतील, तर लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. गृहवित्त कंपनी असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. अर्ज मराठीत लिहिता येत असेल तर मराठीत लिहा, सोबत मंजुरीपत्राची आणि खात्याच्या उताऱ्याची प्रत जोडा. लिहायला जमत नसेल, तर या रविवारी आपल्या सोसायटीतल्या त्या निवृत्त काकांकडे किंवा मावशींकडे कागद घेऊन जा.